टिकटॉकवरची बंदी : देशाची सुरक्षा किती आणि राजकारण किती?

जुनी_इंदूरकरीण

जून २०२० मध्ये टाळेबंदी थोडी सैल झाली आणि आमच्याकडे पोळ्या करणाऱ्या मावशी पुन्हा यायला लागल्या. त्या मूळच्या खरगोनकडच्या. लाटता लाटता निमाडी गाणी म्हणायची त्यांना सवय, आणि मुलीने त्यांना टिकटॉक वापरायला शिकवले होते. मिठाच्या बरणीला फोन टेकवून, चेहरा न दाखवता, फक्त हात, पोळपाट आणि आवाज एवढेच त्या टिपत असत. जुलैच्या पहिल्याच दिवशी सकाळी त्यांनी फोन माझ्यापुढे धरला. त्यावर इंग्रजीत सूचना होती. मी तिचा अर्थ सांगितल्यावर त्यांनी एवढेच विचारले, "का?" मी म्हणाले, "गलवानमध्ये आपले २० जवान गेले, म्हणून."

नंतर मी २९ जूनचे सरकारी निवेदन नीट वाचले. त्यात गलवान नव्हते आणि चीनचे नावही नव्हते. ५९ ॲप वापरकर्त्यांची माहिती परवानगीशिवाय देशाबाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात, त्यामुळे देशाचे सार्वभौमत्व, संरक्षण आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांना बाधा पोहोचते, असे कारण दिले होते. पण तीनच दिवसांनी त्या वेळचे माहिती तंत्रज्ञान मंत्री रविशंकर प्रसाद यांनी बंगालमधल्या कार्यकर्त्यांसाठी घेतलेल्या पक्षाच्या सभेत याच निर्णयाला 'डिजिटल स्ट्राइक' म्हटले. म्हणजे कागदावर एक कारण होते आणि सभेत दुसरे. मी मावशींना जे सांगितले ते सभेतले कारण होते.

माझे मत असे आहे की धोका खरा असू शकतो, पण बंदीचा दिवस त्या धोक्याने ठरवला नाही. ॲप तेच होते, माहिती तशीच जात होती, आणि १४ जूनपर्यंत त्यात कुणाला घाई दिसली नव्हती. सरकार जेव्हा परकीय मालकीच्या समाजमाध्यमावर निर्बंध घालते, तेव्हा त्यामागचा राजकीय हेतू नागरिकाने कसा ओळखावा? आणि तो ओळखू आला तर बंदी चुकीची ठरते का? आपली मते वाचायला आवडतील.

महू_छावणी

ताई, प्रश्न योग्य आहे, परंतु मांडणी मला मान्य नाही. मी लष्कराच्या सिग्नल्स म्हणजे संदेशवहन विभागातून निवृत्त झालो असून महूला राहतो. चीनने २०१७ मध्ये राष्ट्रीय गुप्तवार्ता कायदा केला. त्याच्या सातव्या कलमानुसार तिथल्या प्रत्येक संस्थेने आणि नागरिकाने सरकारी गुप्तवार्ता कार्याला साहाय्य करणे बंधनकारक आहे. टिकटॉकची मालक बाइटडान्स ही बीजिंगची कंपनी आहे. तिच्या मालकांची इच्छा काय, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही, कारण मागितल्यावर नाही म्हणण्याची सोय कायद्याने ठेवलेली नाही. भारतात तेव्हा सुमारे २० कोटी लोक टिकटॉक वापरत होते. कोणता फोन रात्री कुठे असतो, कोणत्या फोनांचा समूह अचानक लेहच्या दिशेने सरकतो, हे ज्याला कळते त्याला हेर पाठवावा लागत नाही.

राहिला दिवसाचा मुद्दा. युद्धजन्य परिस्थितीत प्रत्येक निर्णयाची वेळ राजकीयच असते. शांततेच्या काळात अशी बंदी घातली असती तर व्यापाराचे, गुंतवणुकीचे आणि न्यायालयाचे अडथळे उभे राहिले असते. गलवानने ते दूर केले. दार उघडले म्हणून आत शिरणाऱ्याचा हेतू वाईट ठरत नाही.

सियागंज

माझे घाऊक दुकान आहे, म्हणून दुकानाच्या भाषेत सांगतो. २०१९-२० मध्ये चीनकडून आपली आयात सुमारे ६५ अब्ज डॉलरची होती आणि २०२३-२४ मध्ये ती १०० अब्जांच्या वर गेली. फोनमधले ॲप बंद झाले, तो फोन मात्र चिनी कंपनीचाच राहिला. जिथे आपले नुकसान कमी आणि गाजावाजा जास्त तिथे बंदी आली, असे मला वाटते. औषधांचा कच्चा माल कुणी रोखला नाही, आणि रोखायलाही नको होता.

करसल्लागार

टिकटॉकच्या चर्चेत त्या ५९ मधली बाकीची नावे विसरली जातात. त्यात कॅमस्कॅनर होते, शेअरइट होते, यूसी ब्राउझर होता. माझ्या अर्ध्याहून अधिक अशिलांची बिले मी कॅमस्कॅनरवर टिपून ठेवलेली होती, कारण छोटे दुकानदार कागद सांभाळत नाहीत, आणि टाळेबंदीत तर कागद माझ्यापर्यंत पोहोचतच नव्हते. बंदीची बातमी रात्री आली आणि मी व माझ्या सहायकाने पहाटेपर्यंत बसून एकेक फाइल उतरवून घेतली. त्या वेळी मी ज्या कार्यालयात चौकशी केली, तिथे कोणालाही काही सांगता आले नाही. जुने कागद उतरवून घ्यायला १५ दिवसांची मुदत द्यावी, एवढे कुणाच्या मनात आले असते तरी पुरे होते. महूकाकांचा मुद्दा मला पटतो, पण निर्णय खरोखर माहितीच्या रक्षणासाठी असता, तर माझ्या अशिलांची माहिती सुरक्षित कशी काढून घ्यावी याची एक ओळ तरी त्यात असायला हवी होती.

खंडपीठ

मी इथल्या उच्च न्यायालयाच्या खंडपीठासमोर वकिली करते. मूळ प्रश्नातली जी विसंगती ताईंना खटकली, तिचे उत्तर कायद्याच्या रचनेत आहे.

ही बंदी माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६९अ खाली घातली गेली. या कलमात कारणे मोजून दिलेली आहेत : सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षा, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी संबंधित दखलपात्र गुन्ह्याची चिथावणी रोखणे. शेजाऱ्याला धडा शिकवणे, देशी उद्योगाला वाव देणे किंवा जनतेचा संताप शांत करणे ही कारणे त्यात नाहीत. त्यामुळे मनात काहीही असले तरी कागदावर या यादीतलेच कारण लिहावे लागते. अधिकारी खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. मात्र अनेक हेतूंपैकी जो कायद्याच्या साच्यात बसतो तोच कागदावर उतरतो आणि बाकीचे सभेत बोलले जातात.

हेतू तपासायचा तर कारणे पाहायला मिळाली पाहिजेत, आणि खरी अडचण तिथे आहे. २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराला शिक्षा देणारे कलम ६६अ रद्द केले, पण ६९अ कायम ठेवले. कारण त्यात लेखी कारणे द्यावी लागतात आणि त्या कारणांना न्यायालयात आव्हान देता येते, असे न्यायालयाला दिसले. प्रत्यक्षात २००९ च्या नियमावलीतला १६ वा नियम तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय ठेवायला सांगतो. जो आदेश वाचताच येत नाही त्याला आव्हान कशाच्या आधारावर द्यायचे? काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीवरच्या अनुराधा भसीन खटल्यात, १० जानेवारी २०२० रोजी, सर्वोच्च न्यायालयाने असे आदेश प्रसिद्ध केलेच पाहिजेत असे सांगितले. म्हणजे एका जिल्ह्याचे इंटरनेट बंद केले तर आदेश दाखवावा लागतो, आणि २० कोटी लोकांचे माध्यम बंद केले तर दाखवावा लागत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये हुंड्यावर उपहास करणाऱ्या एका संकेतस्थळाच्या कर्त्याला आदेशाची प्रत आणि सुनावणी देण्यास सांगितले, ही त्यातल्या त्यात आशेची बाब आहे.

महू_छावणी

वकीलताई, कायद्याची बाजू आपण फार स्पष्ट केलीत. परंतु गुप्तवार्तेवर आधारलेले कारण छापून काढले तर आपल्याला ते कसे कळले हेही शत्रूला कळते. काही कागद बंदच राहिले पाहिजेत.

खंडपीठ

काही कागद, हे मला मान्य आहे. सगळेच आणि कायमचे, हे मान्य नाही.

राजवाडा_ते_न्यूजर्सी

माझे बालपण राजवाड्यामागे गेले. गेली १८ वर्षे मी न्यूजर्सीत आहे. हेतू ओळखायचा असेल तर अमेरिकेचे उदाहरण अधिक उपयोगी आहे, कारण तिथे बराचसा व्यवहार उघड्यावर झाला.

२० जून २०२० रोजी टल्सा येथे ट्रम्प यांची प्रचारसभा होती. टिकटॉकवरच्या तरुणांनी यायचे नाही असे ठरवून मोठ्या प्रमाणात प्रवेशिका आरक्षित केल्या. १९,००० आसनांच्या सभागृहात अग्निशमन विभागाच्या मोजणीनुसार सुमारे ६,२०० लोक आले. करोनाची भीती हेही त्याचे कारण होते, म्हणून सगळे श्रेय त्या तरुणांना देता येत नाही. ६ ऑगस्टला ट्रम्प यांनी टिकटॉकविरुद्ध कार्यकारी आदेश काढला. न्यायालयांनी तो रोखला आणि बायडन यांनी जून २०२१ मध्ये मागे घेतला. त्याच बायडन यांनी २४ एप्रिल २०२४ रोजी, मालकी विका नाहीतर बंद व्हा, अशा आशयाच्या कायद्यावर सही केली. त्याआधी मार्चमध्ये प्रतिनिधिगृहात हा विषय ३५२ विरुद्ध ६५ मतांनी संमत झाला होता. दोन्ही पक्ष एकत्र आलेले पाहून मलाही वाटले की इथे खरा सुरक्षेचा प्रश्न आहे. परंतु मे महिन्यात सिनेटर मिट रॉम्नी यांनी एका जाहीर मुलाखतीत सांगितले की या कायद्याला एवढा पाठिंबा का मिळाला याचे नवल वाटत असेल तर टिकटॉकवर पॅलेस्टाइनचा उल्लेख इतर माध्यमांच्या तुलनेत किती अधिक होतो ते पाहा. ते बोलणे ऐकून मी अस्वस्थ झालो. लोक काय पाहतात आणि काय बोलतात, ही गोष्ट निदान काही सभासदांच्या मनात होती.

१७ जानेवारी २०२५ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा एकमताने वैध ठरवला. सरकारने सादर केलेला गुप्त पुरावा न्यायालयाने विचारातच घेतला नाही. उघड नोंदींवर, आणि मुख्यतः माहिती गोळा होण्याच्या धोक्यावर निकाल दिला. महूकाका, गुप्त कागद बाजूला ठेवूनही सरकारला आपले म्हणणे सिद्ध करता येते, हे यातून दिसते. दुसऱ्या दिवशी, शनिवारी रात्री, साडेदहाच्या सुमारास माझ्या मुलीच्या हातातच ॲप बंद पडले. ती जेवणाच्या टेबलाशी उभी होती आणि तिने मला पडदा दाखवला. त्या सूचनेत ट्रम्प यांचे नाव होते, ते पदावर आल्यावर मार्ग काढतील अशी आशा व्यक्त केली होती. रविवारी दुपारी ॲप पुन्हा सुरू झाले तेव्हाही त्यात त्यांचेच नाव होते. ज्या व्यक्तीने २०२० मध्ये बंदीचा आदेश काढला तीच २०२५ मध्ये तारणहार झाली. मधल्या काळात चीनचा कायदा बदलला नव्हता. बदल एवढाच होता की जून २०२४ मध्ये ट्रम्प यांनी स्वतः टिकटॉकवर खाते उघडले होते आणि निवडणुकीत त्याचा आपल्याला लाभ झाला असे त्यांचे मत बनले होते.

पुढे मुदतीमागून मुदती मिळत गेल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ज्या सौद्याला मान्यता मिळाली त्यात बाइटडान्सचा वाटा २० टक्क्यांच्या आत आणि ओरॅकलसारखे अमेरिकी गुंतवणूकदार पुढे, अशी रचना होती. ओरॅकलचे लॅरी एलिसन हे ट्रम्प यांचे जुने समर्थक आहेत. माध्यम कुणाचे असावे हे सत्ताधाऱ्याच्या मर्जीतल्या लोकांकडे पाहून ठरू लागले, तर परकीय मालकीची भीती संपते आणि दुसरी सुरू होते.

छप्पन_दुकान

भारतातला लाभार्थी पाहा. बंदी २९ जूनला आली आणि ८ जुलैला इन्स्टाग्रामने भारतात रील्स सुरू केले. त्याच एप्रिलमध्ये फेसबुकने जिओमध्ये ४३,५७४ कोटी रुपये गुंतवले होते. चिनी माध्यम गेले आणि त्याची जागा अमेरिकी माध्यमांनी घेतली. परकीय मालकी होती तशीच राहिली.

करसल्लागार

दादा, तारखा बरोबर आहेत, पण ज्याला फायदा झाला त्यानेच ते घडवले असे म्हणता येत नाही. रील्स काही नऊ दिवसांत तयार झाले नाही. त्याआधी ते ब्राझीलमध्ये चालू होते. रिकामी जागा दिसताच कंपनी शिरली, एवढेच त्यातून सिद्ध होते. उलट १७ एप्रिल २०२० ची नोंद अधिक बोलकी आहे. त्या दिवशी सरकारने जमिनीची सीमा लागून असलेल्या देशांतून येणाऱ्या गुंतवणुकीला पूर्वपरवानगी आवश्यक केली. तेव्हा गलवान घडलेले नव्हते. म्हणजे चिनी भांडवलाविषयीचे धोरण आधीच बदलत होते. मूळ लेखात 'त्या आधी कुणाला घाई नव्हती' असे म्हटले आहे, ते पूर्णपणे खरे नाही.

जुनी_इंदूरकरीण

ही दुरुस्ती मी स्वीकारते. एप्रिलचा तो निर्णय माझ्या लक्षात नव्हता.

शाळेतली_बाई

मला बंदी हवी होती, पण माझे कारण वेगळे होते, म्हणून लिहिते. आठवी-नववीच्या मुली वर्गाच्या मागच्या बाकावर नाचाचे व्हिडिओ करत आणि त्याखाली अनोळखी पुरुष काय काय लिहीत ते मी वाचले आहे. एप्रिल २०१९ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने याच चिंतेतून टिकटॉकचे डाउनलोड थांबवायला सांगितले होते आणि काही आठवड्यांतच कंपनीच्या आश्वासनानंतर तो आदेश उठवला होता. त्या वेळी कंपनीला न्यायालयात उत्तर द्यावे लागले. २०२० मध्ये ॲप गेले, मुली रील्सवर गेल्या, आणि खालची अभद्र वाक्ये त्यांच्या मागोमाग तिकडे पोहोचली. बंदीचा हेतू मुलांचे रक्षण हा नव्हताच, त्यामुळे त्यांचे रक्षण झालेही नाही.

नर्मदाकाठ

नेपाळचा अनुभव इथे नोंदवायला हवा. आमच्या इमारतीचे रात्रीचे पहारेकरी नेपाळचे आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये एके रात्री ते जिन्यात बसून पुन्हा पुन्हा व्हॉट्सॲपवर घरी फोन लावत होते आणि तो लागत नव्हता. शेवटी मी माझ्या फोनवरून साधा आंतरराष्ट्रीय फोन लावून दिला. त्यांची आई पलीकडून फक्त "ठीक आहोत" एवढेच म्हणाली.

त्या सरकारने नोंदणी केली नाही या कारणावरून फेसबुक, यूट्यूब, व्हॉट्सॲप यांच्यासह २६ माध्यमे बंद केली होती. नोंदणीची मागणी वरवर पाहता वाजवीच होती. परंतु त्याच सुमारास नेत्यांच्या मुलांच्या चैनीची छायाचित्रे याच माध्यमांवर फिरत होती आणि तरुण संतापलेले होते. ८ सप्टेंबरच्या आंदोलनात पहिल्याच दिवशी १९ जण मारले गेले आणि ९ तारखेला पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. टिकटॉकने मात्र नोंदणी केलेली असल्यामुळे ते चालू होते. याच नेपाळने नोव्हेंबर २०२३ मध्ये सामाजिक सलोख्याला बाधा येते म्हणून टिकटॉकवर बंदी घातली होती आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ती उठवली होती. एकाच देशात दोन वर्षांच्या आत धोकादायक माध्यम कोणते, याचे उत्तर बदलले.

केसरीवाडा_नव्हे_इंदूर

ही रीत जुनी आहे. लॉर्ड लिटनने १८७८ मध्ये देशी भाषांतल्या वृत्तपत्रांवर कायदा लादला तेव्हा कारण राजद्रोहाचे दिले होते, आणि इंग्रजी पत्रे मात्र त्यातून वगळली होती. अमृत बझार पत्रिकेने त्यामुळे लगोलग इंग्रजी रूप घेतले. धोका मजकुरात होता तर भाषा पाहून सूट देण्याचे कारण काय, हाच प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. कायद्यातून कोणाला वगळले आहे ते आधी पाहावे, असे मी आमच्या वाचनालयातल्या मुलांना सांगतो.

महू_छावणी

वरील सर्व वाचून दोन गोष्टी लिहितो. एक माझ्या बाजूची आणि एक विरुद्ध बाजूची.

जुलै २०२० मध्ये लष्कराने आपल्या जवानांना ८९ ॲप काढून टाकण्याचा आदेश दिला. त्या यादीत टिकटॉक होते, तसेच फेसबुक, इन्स्टाग्राम आणि ट्रूकॉलरही होते. म्हणजे सैन्याला जो धोका दिसला तो एका देशापुरता नव्हता. यावरून सुरक्षेचा प्रश्न बनावट नव्हता हे माझे म्हणणे टिकते. पण मला हेही मान्य करावे लागते की सैन्याची यादी धोका पाहून केलेली होती आणि मंत्रालयाची यादी देश पाहून. ताईंनी विचारलेल्या कसोटीचे उत्तर बहुधा या दोन याद्यांच्या फरकात आहे. मंत्रालयाची यादी चूक होती असे मी आजही म्हणणार नाही. मात्र ती केवळ सुरक्षेची यादी होती, असेही म्हणणार नाही.

जुनी_इंदूरकरीण

काका, आपण हे लिहिलेत याबद्दल मनापासून आभार. राजकीय हेतू आढळला म्हणून बंदी आपोआप चूक ठरत नाही, हे मी या चर्चेतून मान्य करते. पण वकीलताईंनी सांगितलेली सुनावणी आणि आदेशाची प्रत या दोन गोष्टी नसतील, तर ती बरोबर होती असेही कुणाला सिद्ध करता येणार नाही.

काल मावशींना मी यातले बरेचसे हिंदीत सांगितले. त्यांनी पोळी तव्यावर टाकली आणि विचारले, "मग माझी गाणी आता कोणाकडे आहेत?" याचे उत्तर कोणी देऊ शकेल का?

खंडपीठ

कायद्याने हा प्रश्न विचारण्याची जागाच ठेवलेली नाही. बंदीच्या प्रक्रियेत कंपन्यांना प्रश्नावली पाठवली गेली, त्यांची उत्तरे घेतली गेली आणि जानेवारी २०२१ मध्ये बंदी कायम झाली. त्यात वापरकर्ता कुठेही पक्षकार नव्हता.

महू_छावणी

ताई, याचे उत्तर सुखावह नाही. बंदीने पुढची माहिती जाणे थांबले, आधी गेलेली परत आली नाही. मार्च २०२३ मध्ये फोर्ब्सने असे वृत्त दिले होते की बंदीनंतर जवळजवळ तीन वर्षांनीही भारतीय वापरकर्त्यांची जुनी माहिती कंपनीतल्या कर्मचाऱ्यांना पाहता येत होती. मावशींची गाणी बहुधा तिथेच असतील. ती फक्त त्यांना स्वतःला ऐकता येणार नाहीत.